कात अडलेली अळी
कीटकांच्या संप्रेरकांचे ज्ञान आणि निंबोळी अर्काचा योग्य वापर

शिरूर व दौंड या तालुक्यांत भीमा, घोड आणि मुळा-मुठा या नद्यांच्या काठी, तसेच चासकमान व मुठा कालव्यांच्या पाण्याखाली आलेल्या शिवारांत, दुभत्या जनावरांच्या जोडीने चाऱ्याच्या मक्याचे क्षेत्र वाढत गेले आहे. हिरव्या वैरणीसाठी व मुरघासासाठी घेतलेले हे पीक पेरणीपासून थोड्याच आठवड्यांत कापून गोठ्यात येते. या पिकावर आता एका परकी किडीचे संकट आहे. अमेरिकन लष्करी अळी भारतात प्रथम आढळली ती 2018 सालच्या मे महिन्यात, कर्नाटकातील शिवमोग्गा जिल्ह्यात. त्याच वर्षी ती महाराष्ट्रात येऊन पोचली, आणि तेव्हापासून मक्याच्या पोंग्यात तिने आपले ठाणे मांडले आहे.

दाण्याच्या मक्यावर औषध फवारले तर फवारणी व काढणी यांच्यात पुष्कळ दिवसांचे अंतर राहते. वैरणीच्या मक्याची गोष्ट निराळी आहे. तेथे पानच खाद्य असते. पानावर राहिलेला विषाचा अंश गाईच्या पोटात व तेथून दुधात उतरण्याचा धोका असतो, आणि डेअरीत घातलेले ते दूध कोणाच्या घरी जाणार हे कोणास सांगता येत नाही. म्हणून चाऱ्याच्या मक्यावर पहिला उपाय म्हणून पाच टक्के निंबोळी अर्काची शिफारस करण्यात येते. शिफारस योग्य आहे. तरीही अनेक शेतकरी एकदा अर्क फवारून पुन्हा त्याच्या वाटेस जात नाहीत, आणि त्याचे कारण अगदी साधे आहे. सायंकाळी अर्क फवारलेला असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी शेतकरी पोंगा उकलून पाहतो, तो अळी आत जिवंत! "नुसते पाणीच मारले की काय?" असे म्हणून तो दुकानाकडे वळतो आणि तिसऱ्या दिवशी जहाल औषध फवारतो. दोन फवारण्यांचा खर्च होतो, वैरणीवर विष बसते, आणि पोंग्यातील अळ्या-अंडी फस्त करणारे ढालकिडे, चिमटेकिडे व परोपजीवी गांधीलमाश्या यांचाही त्यात बळी जातो.

अळी जिवंत होती हे त्या शेतकऱ्याने पाहिले ते खरेच होते. त्यावरून अर्क वाया गेला असा जो निष्कर्ष त्याने काढला, तो मात्र चुकीचा होता. ही चूक कोठे होते हे समजण्यासाठी अळी वाढते कशी, हे प्रथम पाहिले पाहिजे.

अंगावरचा सांगाडा

गाईबैलांच्या शरीरात हाडांचा सांगाडा आत असतो व कातडी त्याच्याबरोबर वाढत जाते. किडीचा सांगाडा तिच्या अंगाबाहेर असतो. तिची कातडी हाच तिचा सांगाडा. ही कातडी थोडीशी ताणते, त्यापुढे ताणत नाही. मुलाचा अंगरखा आखूड झाला म्हणजे नवा शिवावा लागतो, तद्वत अळीला जुन्या कातडीखाली नवी, सैल कातडी तयार करावी लागते व जुनी फोडून बाहेर पडावे लागते. यालाच कात टाकणे म्हणतात. ज्यांनी तुती लावून रेशीमकिडे पाळले आहेत त्यांना हा प्रकार नित्याचा आहे. रेशीमअळी चार वेळा कात टाकते. त्या वेळी ती खाणे थांबवून, डोके वर करून स्वस्थ बसते, आणि पाळणारा पाला बंद करून बिछान्यावर चुना धुरळतो. लष्करी अळीच्या सामान्यतः सहा अवस्था असतात, म्हणजे अळीपणी तिला पाच वेळा कात टाकावी लागते. त्यानंतर ती जमिनीत शिरून कोष करते आणि कोषातून पतंग बाहेर पडतो.

कीटकाच्या आयुष्यातील सर्वांत नाजूक वेळ कोणती असे विचारले, तर ती हीच. जुनी कातडी सुटलेली आहे आणि नवी अद्याप कठीण झालेली नाही, अशा त्या काही घटकांत तिला पळताही येत नाही आणि खाताही येत नाही. ही वेळ केव्हा यावी हे ठरविणारी एक व्यवस्था तिच्या शरीरातच असते. संप्रेरके म्हणतात ती हीच. संप्रेरक म्हणजे शरीरातील एका ग्रंथीत तयार होऊन रक्तावाटे सर्वत्र जाणारा आणि अत्यल्प प्रमाणात मोठे काम करणारा पदार्थ होय. कीटकाच्या वाढीत अशी दोन संप्रेरके मुख्य आहेत. एक कात टाकावयास लावते. दुसरे, ज्यास बाल्यसंप्रेरक म्हणता येईल, ते कात टाकल्यावर कीटकाने कोणते रूप घ्यावयाचे हे ठरविते. रक्तात बाल्यसंप्रेरक पुरेसे असेल तर अळीतून पुन्हा अळीच निघते, थोडी मोठी एवढेच. ते संपले म्हणजे पुढच्या खेपेस अळीचा कोष होतो आणि कोषाचा पतंग.

हा शोध कसा लागला

लंडन येथे विगल्सवर्थ या शास्त्रज्ञाने 1930 नंतरच्या वर्षांत रक्त शोषणाऱ्या एका दक्षिण अमेरिकन ढेकणावर प्रयोग केले. पोटभर रक्त प्याल्यानंतर लवकरच त्याचे डोके काढले तर तो पुढे पुष्कळ दिवस जगे, पण कात टाकीत नसे. तेच डोके काही दिवसांनी काढले तर बिनडोक्याचा ढेकूणही कात टाकी. मग त्याने अशा दोन ढेकणांची शरीरे एकमेकांस जोडली. एकाचे रक्त दुसऱ्यात जाताच न टाकणाराही कात टाकू लागला. कात टाकण्याचा हुकूम रक्तावाटे येतो हे अशा रीतीने सिद्ध झाले.

तो पदार्थ शुद्ध रूपात हाती येण्यास 1954 साल उजाडले. जर्मनीतील ब्यूटेनांट व कार्लसन यांनी रेशीमकिड्यांचे 500 किलो कोष घेऊन त्यांतून 25 मिलिग्रॅम स्फटिक मिळविले. पाच क्विंटल कोषांतून चिमूटभरही नव्हे. त्यास एक्डायसोन असे नाव मिळाले. याच ब्यूटेनांटने पुढे 1959 साली रेशीमपतंगाच्या मादीच्या गंधाचा पदार्थ वेगळा केला. शेतात आपण जे कामगंध सापळे लावतो त्यांचे मूळ त्या कामात आहे. (गंध आणि संप्रेरक यांची गल्लत होऊ नये. गंध एका कीटकाकडून दुसऱ्याकडे हवेतून जातो, तर संप्रेरक त्याच कीटकाच्या शरीरात फिरते. सापळ्याने किडीची चाहूल लागते. अळीच्या वाढीवर त्याचा काही परिणाम होत नाही.)

बाल्यसंप्रेरकाची कथा याहून चमत्कारिक आहे. 1964 साली चेकोस्लोव्हाकियातील कारेल स्लामा हे आपले प्रयोगाचे ढेकूण घेऊन अमेरिकेत हार्वर्ड येथे कॅरोल विल्यम्स यांच्या प्रयोगशाळेत आले. मायदेशी नीट वाढणारे हे ढेकूण तेथे प्रौढ होईनात. पाचवी अवस्था संपली की सहावी, क्वचित सातवी, असे बाल्यातच वाढून ते मरू लागले. शोधाअंती दोष निघाला तो भांड्यात पसरलेल्या कागदात! अमेरिकन वर्तमानपत्रांचा कागद ठेवला की हा प्रकार होई, लंडनच्या वर्तमानपत्राचा ठेवला तर होत नसे. अमेरिकेतील कागद ज्या बाल्सम फर वृक्षापासून होई, त्या वृक्षातच त्या ढेकणाच्या कुळावर बाल्यसंप्रेरकासारखे काम करणारा पदार्थ होता. आपल्याकडे कापसाच्या बोंडांवर येणारा लाल ढेकूण याच कुळातला. त्याच्यावरही हा पदार्थ चालतो हे सक्सेना व विल्यम्स यांनी 1966 साली दाखवून दिले. झाड आपल्या शत्रूच्या संप्रेरकाची नक्कल करून ठेवते, ही गोष्ट त्या वेळी पुष्कळांना खरी वाटली नसती.

शेताला कोणते उपयोगी

विल्यम्स यांनी 1967 साली अशी आशा व्यक्त केली होती की संप्रेरकांवर आधारलेली औषधे ही कीडनाशकांची तिसरी पिढी ठरेल आणि कीटकांना आपल्याच संप्रेरकाविरुद्ध प्रतिकारशक्ती आणता येणार नाही. आशेचा पहिला भाग काही अंशी खरा ठरला. दुसरा ठरला नाही. पायरिप्रॉक्सिफेन या बाल्यसंप्रेरकासारख्या औषधास दाद न देणारी पांढरी माशी 1990 च्या दशकात इस्राएलमध्ये आढळून आली. एकच औषध वारंवार वापरले म्हणजे जे होते तेच येथेही झाले. औषध नव्या जातीचे आहे म्हणून जुना नियम सुटत नाही.

आणखी एक अडचण शेतकऱ्याने स्वतः विचार केला तरी ध्यानात येईल. अळीला सदैव अळीच ठेवणारे औषध डासांसाठी चांगले. कारण डासाची अळी कोणास चावत नाही, चावतो तो डास. मेथोप्रीन हे अशा प्रकारचे औषध अमेरिकेत 1975 पासून डासांसाठी वापरात आले. मक्यात मात्र उपद्रव करते ती अळी. पतंग पान खात नाही. तेव्हा अळीचे बाल्य लांबविणे म्हणजे तिच्या जेवणाच्या पंगती वाढविणे होय. म्हणून पाने खाणाऱ्या अळ्यांसाठी शास्त्रज्ञांचे लक्ष दुसऱ्या बाजूकडे, म्हणजे कात टाकण्याच्या क्रियेकडे वळले. टेब्युफेनोझाइड व मेथॉक्सिफेनोझाइड ही औषधे कात टाकविणाऱ्या संप्रेरकाची नक्कल करून अळीस अवेळी कात टाकावयास लावतात. अळी खाणे सोडते, कातडी अर्धवट सुटते आणि ती मरते. डायफ्लुबेंझुरॉन, नोव्हाल्युरॉन, ल्युफेन्युरॉन ही औषधे संप्रेरके नव्हेत; ती नव्या कातडीतील कायटिन तयार होऊ देत नाहीत. परंतु त्यांचाही घाव कात टाकण्याच्या वेळीच पडतो, म्हणून त्यांची गणना वाढ-नियंत्रकांतच करतात.

ही औषधे माणसास व गुरांस जुन्या विषांच्या मानाने पुष्कळ सौम्य आहेत, कारण माणूस कात टाकीत नाही. पण ती सर्व सृष्टीस निरुपद्रवी आहेत असे कोणी सांगत असेल तर ते मानू नये. खेकडा व कोळंबी हेही कात टाकणारे प्राणी आहेत. भीमेच्या काठी आणि दौंडच्या टोकाला उजनीच्या फुगवट्यालगत ज्यांची शेते आहेत त्यांनी पंप नदीत धुवू नये. आणि रेशीमअळी ही शेवटी अळीच आहे. शेजारी तुतीचा मळा असेल तर वाऱ्यावर उडालेला तुषारदेखील पुढच्या कातीला सगळी बॅच बसवील. वेष्टनावर आपल्या पिकाचे नाव व काढणीपूर्वी थांबावयाचे दिवस छापलेले नसतील, तर ते औषध वैरणीवर वापरू नये.

बांधावरचा कडुनिंब

याच वाटेने जाणारे एक औषध शिरूर-दौंडच्या बांधाबांधावर उभे आहे. कमी पावसाच्या या भागात जेथे दुसरे झाड तग धरीत नाही तेथेही कडुनिंब वाढतो. टोळांची धाड सगळा पाला खाऊन जाते, पण कडुनिंब सोडून देते, हे 1959 साली सुदानमध्ये श्मुटरर या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने पाहिले. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत डॉ. प्रधान व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1962 साली निंबोळीच्या गराचे पाणी फवारलेली पिके टोळांपासून वाचतात हे दाखवून दिले. त्यातील मुख्य द्रव्य आझाडिरॅक्टिन हे 1968 साली इंग्लंडमध्ये वेगळे करण्यात आले.

आझाडिरॅक्टिन दोन प्रकारे काम करते. एक म्हणजे पान कडू करून अळीचे खाणे कमी करते. दुसरे आणि महत्त्वाचे असे की, अळीच्या मेंदूकडून संप्रेरक-ग्रंथींस जे हुकूम जावयाचे त्यात ते बिघाड करते. त्यामुळे कात टाकविणारे संप्रेरक वेळेवर व पुरेसे सुटत नाही. अळी जिवंत असते, हालतेही. पण कात टाकण्याची घटका आली म्हणजे ती अडते. कोणी जुन्या कातडीतच मरते, कोणाचे जुने डोके नव्या डोक्यावर टोपीसारखे चिकटून राहते, तर कोणाचा कोष वेडावाकडा होतो. यास तीन ते सात दिवस लागतात, थंडीत अधिक. दुसऱ्या दिवशी सकाळी अळी जिवंत दिसावयाचीच.

यावरून फवारणीची वेळही ठरते. लहान अळी दर दोन-तीन दिवसांनी कात टाकते, म्हणजे तिला अडण्याचे प्रसंगही लवकर व वारंवार येतात. शिवाय ती पानाच्या वरच्या थरावर खरवडीत असते व अर्क तिच्यापर्यंत पोचतो. मोठी अळी पोंग्यात खोल बसून आपल्याच विष्ठेचे बूच वर लावून घेते, आणि पिकाचे बहुतेक खाणे तर ती शेवटच्या दोन-तीन अवस्थांत उरकते. पानांवर पांढुरके चट्टे दिसू लागले, शंभरांत पाच झाडांवर तशी खूण आढळली, की अर्क फवारावा. पोंग्यात बोटाएवढ्या, डोक्यावर उलट्या वाय अक्षराची खूण व शेपटाकडे चार काळे ठिपके चौकोनात असलेल्या अळ्या फिरू लागल्यावर अर्काकडून फार अपेक्षा करू नये. त्या हातांनी वेचून माराव्यात.

अर्क करताना होणाऱ्या चुका

अर्काची निंदा ऐकू येते तेव्हा पुष्कळदा दोष अर्क करण्यात असतो. ज्येष्ठ-आषाढात पिकून पडलेल्या निंबोळ्या गोळा कराव्यात, पाण्यात कुसकरून साल काढावी, बिया सावलीत वाळवाव्यात आणि गोणपाटाच्या पोत्यात हवेशीर ठेवाव्यात. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधल्या तर त्यांस बुरशी येते. उन्हात वाळविल्या किंवा वर्ष उलटून गेले तर गुण कमी होतो; तीन महिन्यांपासून आठ-दहा महिन्यांपर्यंतच्या बिया चांगल्या. टरफल काढल्यावर गर साधारण निम्मा भरतो, हे आधीच धरून चालावे.

100 लिटर फवारणीसाठी 5 किलो गर कुटून, 10 लिटर पाण्यात रात्रभर भिजत घालावा. सकाळी ढवळून दुहेरी फडक्यातून गाळावा. चोथा पुन्हा थोड्या पाण्यात पिळून घ्यावा. 200 ग्रॅम साबणाचा चुरा 1 लिटर पाण्यात विरघळवून त्यात मिसळावा व एकूण 100 लिटर करावे. रंग दुधासारखा पांढरा यावयास हवा. गर उकळू नये. उष्णतेने औषध मरते. खाऱ्या पाण्यानेही तेच होते, आणि या दोन्ही तालुक्यांत बऱ्याच विहिरींचे पाणी खारे आहे. ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही व चोथा तरंगतो त्या पाण्यात अर्क करू नये, कालव्याचे किंवा साठविलेले पावसाचे पाणी घ्यावे. केलेला अर्क त्याच दिवशी सायंकाळी फवारून संपवावा. उन्हात आझाडिरॅक्टिन काही दिवसांतच नाहीसे होते. हा त्याचा दुर्गुण, आणि वैरणीच्या पिकासाठी तोच सद्गुणही होय. नळीचे तोंड पोंग्यात धरावे. पानांवरून वाहून गेलेला अर्क अळीच्या तोंडी लागत नाही. गरज वाटल्यास आठवड्याने दुसरी फवारणी करावी.

दहा डब्यांचा प्रयोग

कृषी सहाय्यक व ग्रामसेवक यांनी हे सर्व तोंडी सांगितल्याने कोणाची खात्री पटणार नाही, आणि पटावी तरी का? खात्री डोळ्यांनी पटते. त्यासाठी झाकणाला बारीक छिद्रे असलेल्या दहा लहान डब्या घ्याव्यात. प्रत्येकीत नखाएवढी, एकाच आकाराची एकेक अळी ठेवावी. दोन अळ्या एकत्र ठेवू नयेत, त्या एकमेकींस खातात आणि प्रयोग बिघडतो. पाच डब्यांत अर्कात बुडवून वाळविलेले मक्याचे पान, पाच डब्यांत साध्या पाण्यात बुडविलेले पान घालावे. पान रोज बदलावे व डब्या गावातील दूधसंकलन केंद्रात किंवा पंचायतीच्या ओट्यावर, चार माणसे येता-जाता पाहतील अशा सावलीच्या जागी ठेवाव्यात. पहिल्या दिवशी दहाही अळ्या जिवंत असतील. अर्काच्या पानावरील विष्ठा मात्र कमी पडलेली दिसेल. तिसऱ्या-चौथ्या दिवशी साध्या पानावरच्या अळ्या कात टाकून थोराड झालेल्या असतील, आणि दुसऱ्या बाजूच्या जेथल्या तेथे, सुस्त, काही काळवंडलेल्या. आठवडाभर डब्या तशाच राहू द्याव्यात.

शेतातील मोजमापही याच धोरणाने करावे. फवारणीनंतर मेलेल्या अळ्या मोजू नयेत. शेतात नागमोडी चालत पाच ठिकाणी प्रत्येकी दहा झाडांस सुतळी बांधून खूण करावी, आणि तिसऱ्या, पाचव्या व सातव्या दिवशी त्याच पन्नास झाडांच्या पोंग्यातून नव्याने उमललेले पान पाहावे. ते पान अखंड असेल व पोंग्यातील विष्ठा कोरडी होऊन भुगा झाली असेल, तर अर्काने काम केले आहे, मग जुन्या पानांवर कितीही भोके असोत. नवे पान फाटलेले व विष्ठा ओली असेल तर आत मोठी अळी आहे असे समजावे, आणि तेवढेच पोंगे उकलून अळ्या वेचाव्यात. पन्नासांपैकी किती झाडांचे नवे पान चांगले निघाले याची तारीखवार नोंद एका वहीत ठेवावी, व गावात दुसऱ्याची पेरणी होईल तेव्हा ती वही त्याच्या हाती द्यावी.